इंडक्शन शेगडी की गॅस: पाच महिने दोन्ही वापरलं, काट्यावर आणि मीटरवर मोजलं

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही इंडक्शन शेगडी घेतली. कारण असं की पुण्याची मामेबहीण दिवाळीत आली होती आणि ती सारखी सांगत होती, ताई गॅस कशाला जाळतेस, मी वर्षभर इंडक्शनवरच करते, स्वस्त पडतं आणि प्रदूषण पण नाही. मला ते पटलं, आम्ही दोघी नाशिकरोडच्या दुकानात गेलो आणि २००० वॅटची बटणवाली शेगडी २४५० रुपयांना घेऊन आलो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मला सांगायचंय ते कंपनीबद्दल नाहीच, या किमतीतल्या सगळ्या शेगड्या आतून बऱ्यापैकी सारख्याच असतात. सांगायचंय ते हे की स्वस्त पडतं का आणि प्रदूषण कमी होतं का, हे दोन्ही प्रश्न मी खरोखर मोजून बघितले आणि पैशाचं उत्तर मामेबहिणीच्या घरी वेगळं आणि माझ्या घरी वेगळं निघालं, आणि प्रदूषणाचं तर ती म्हणाली त्याच्या उलटच.

आधी आमचं घर सांगते म्हणजे आकडे कळतील. आम्ही पाच माणसं, मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई, दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच, सकाळी तीन डबे. अंघोळीचं पाणी बिल्डिंगच्या गच्चीवरच्या सोलरचं. महावितरणचं बिल हिवाळ्यात १४० ते १५० युनिट, मे महिन्यात कूलर आणि एसी मिळून २६० च्या आसपास. १४.२ किलोचा सिलिंडर आम्हाला ३९ दिवस गेला, डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत, त्या काळात शेगडी मुद्दाम खोक्यातच ठेवली होती. नंतर फेब्रुवारीचे २८ दिवस जमेल ते सगळं इंडक्शनवर केलं. शेगडीच्या प्लगमध्ये युनिट दाखवणारा छोटा मीटर लावला, ऑनलाइन सहाशे-सातशेला मिळतो, १६ अँपियरचाच घ्या. गॅससाठी बाथरूममधला वजनकाटा, सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं ते वजा केलं की उरलेला गॅस कळतो. (हे प्रत्येकाने सिलिंडर घेताना दारातच करावं, डिलिव्हरीवाल्याकडे काटा असतो, मागितला की देतो.)

फेब्रुवारीत इंडक्शनने ७० युनिट खाल्ले. गॅस नेहमीसारखा वापरला असता तर २८ दिवसांत १०.२ किलो लागला असता, तो लागला २.६ किलो, कारण भाकरी, पोळ्या, वांगं भाजणं हे गॅसवरच चालू होतं. म्हणजे ७.६ किलो गॅस वाचला आणि त्याच्या बदल्यात ७० युनिट गेले. भागाकार केला तर एका किलोला नऊ युनिट आणि थोडं वर. मला आधी वाटलं माझं काहीतरी चुकलं, मग मुलाने त्याच्या फिजिक्सने करून दाखवलं, एक किलो एलपीजीत साधारण १२.७ युनिटांएवढी उष्णता असते, पण गॅसच्या शेगडीवर त्यातली बरीच भांड्याच्या बाजूने वर निघून जाते. आयएसआय मार्कच्या शेगडीला प्रयोगशाळेत किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला द्यावी लागते पण घरी मोठ्या बर्नरवर छोटं पातेलं, वरून पंख्याचा वारा, त्यामुळे ६० धरा. इंडक्शनमध्ये भांडंच तापतं म्हणून ८५ च्या आसपास. १२.७ ला ६० टक्के करा, ८५ टक्क्यांनी भागा, नऊच येतात. तर हा एक आकडा लक्षात ठेवा, एक किलो गॅस म्हणजे नऊ युनिट, बाकी सगळा हिशोब यावरून निघतो.

आता पैसे. त्या वेळी सिलिंडर आठशेच्या थोडा वर होता, म्हणजे किलोला साधारण ५६-५७ रुपये. (पुढे एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये वाढले आणि किलो ६० वर गेला.) त्याला नऊने भागलं तर सव्वासहा रुपये. म्हणजे वीज सव्वासहा रुपये युनिटच्या आत मिळत असेल तर इंडक्शन स्वस्त, नाहीतर गॅस स्वस्त, इतकं सोपं आहे हे. पण आपल्या बिलात युनिटचा एक भाव नसतो, स्लॅब असतात, आणि इथेच सगळे फसतात. २०२४-२५ चे घरगुती दर असे होते, पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५. प्रत्येक युनिटावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) १.१७ आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. सगळं मिळवलं की पहिल्या स्लॅबचं युनिट ६.८२ ला पडतं, दुसऱ्याचं १३.२९ ला आणि तिसऱ्याचं १८.२४ ला. इंधन समायोजन आकार असतो तो वेगळाच, तो कमीजास्त होतो म्हणून सोडून दिला. दर नंतर बदलतात, तुमच्या हातातल्या बिलावरचे घ्या, पण पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना भाव दुप्पट होतो हे मुख्य आहे.

आणि नवीन घेतलेल्या वस्तूचे युनिट हे नेहमी वरच्या पायरीत पडतात, खालच्या नाही!! हे मला स्वतःला बिल हातात आल्यावर कळलं. लोक काय करतात, एकूण बिल भागिले एकूण युनिट करतात, आठ-नऊ रुपये सरासरी येते, आणि त्या भावाने इंडक्शनचा खर्च काढतात. पण आमचे १४५ युनिट आधीच चालू होते, म्हणजे पहिले १०० फ्रिज, दिवे, टीव्ही, मिक्सर यांनी कधीच संपवलेले, इंडक्शनचे ७० च्या ७० युनिट दुसऱ्या स्लॅबमध्ये. १३.२९ गुणिले ७०, ९३० रुपये. वाचलेला गॅस ७.६ किलो, ४३० रुपयांचा. म्हणजे महिन्याला ५०० रुपये जास्त गेले. मे महिन्यात तेच केलं असतं तर २६० अधिक ७०, शेवटचे ३० युनिट तिसऱ्या स्लॅबला, हजाराच्या वर खर्च.

मामेबहिणीचं काय, तर ती एकटी राहते, दिवसभर ऑफिस, तिचं बिलच ५०-५५ युनिटचं. सकाळी चहा-पोहे, रात्री एक वेळचा कुकर, महिन्याला इंडक्शनचे ३०-३५ युनिट, ते सगळे पहिल्या शंभरात बसतात. तिला त्या दरांनी ६.८२ ने पडत होतं म्हणजे गॅसच्या जवळजवळ बरोबरीने, वर कनेक्शन, डिपॉझिट, रेग्युलेटर, भाड्याच्या घरात पत्ता बदलणं यातलं काहीच नाही. तिच्यासाठी इंडक्शन एकदम बरोबर आहे. एकटे राहणारे, शिकणारी मुलं, दोघंच जण असलेले ज्यांचं बिल साठ-सत्तरच्या आत असतं, त्यांनी डोळे मिटून घ्यावी. पाच माणसांच्या घराने पैसे वाचतील म्हणून घेऊ नये. आणि ज्यांना उज्ज्वलाचं अनुदान (तेव्हा सिलिंडरमागे ३०० रुपये) मिळतं त्यांना तर गॅस आणखीच खाली पडतो, त्यांच्या दारात जाऊन कोणी इंडक्शन घ्या सांगत असेल तर आधी हा हिशोब करून दाखवा म्हणावं.

प्रदूषणाचं मला जास्त मनाला लागलं कारण मी खरंच त्यासाठी पण घेतली होती. एक किलो एलपीजी जळला की साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड. वाचलेल्या ७.६ किलोचे २३ किलो. छान वाटलं. मग विजेचं बघितलं. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा, म्हणजे सगळ्या वीजजाळ्याचा आकडा काढतं, एका युनिटमागे ०.७ किलोच्या थोडं वर कार्बन डायऑक्साइड. ७० युनिटांचे झाले ५० किलो. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातली निळी ज्योत बंद करून मी हवेत दुप्पट कार्बन सोडला, आणि तारांमधून येताना जी वीज वाया जाते ती यात धरलेलीच नाही.

आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. लहानपणापासून बघतोय पण त्या दिवशी हिशोब झाल्यावर मी वर कपडे काढायला गेले आणि तिकडे बघतच राहिले. वीज कुठून येते हे आपल्याला नाशिकमध्ये कोणी सांगायला नको. चंद्रपूर, कोराडी, एकलहरे, सगळीकडे कोळसा. कोयनेचं पाणी आहे, तारापूरची अणुभट्टी आहे, आता सोलर वाढतंय, तरी देशात तयार होणाऱ्या विजेतला सत्तर-पंच्याहत्तर टक्के भाग अजून कोळशाचाच. इंडक्शनवर धूर नाही म्हणतात तेव्हा धूर आपल्या ओट्यावर नाही एवढंच खरं, तो चिमणीजवळच्या गावात पडतो, तिथे पण कोणाची तरी आई धुणं वाळत घालत असेल.

माझा दीर फ्रान्सला असतो, तो म्हणाला वहिनी इकडे तर सगळे म्हणतात गॅस काढा इंडक्शन लावा, आणि ते तिकडे बरोबरच आहे. तिकडे दोन तृतीयांशाच्या आसपास वीज अणुऊर्जेची, त्यांच्या युनिटमागे कार्बन अगदी थोडा. आपण त्यांचे व्हिडिओ बघतो आणि उचलून इथे लावतो. नऊ युनिट आणि तीन किलो हे धरून काढलं तर आपल्या ग्रिडचा आकडा ०.३३ च्या आसपास आला तर गॅस आणि इंडक्शन कार्बनमध्ये बरोबरीला येतील. आज तो त्याच्या दुप्पट आहे. एलपीजी काही पुण्यवान नाही, आपल्या देशाला लागतो त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो, बराचसा आखातातून जहाजाने, मग टँकर, मग बॉटलिंग प्लांट, मग टेम्पो, त्याचं डिझेल पण जळतंच. ते धरूनही आज दुपटीचा फरक भरून निघत नाही.

मग शेगडी माळ्यावर टाकली का, तर नाही, रोज वापरतेय. कारण सासूबाई.

आईंना दमा आहे. हिवाळ्यात खिडकी बंद असली आणि दोन बर्नर तासभर चालले की त्यांना स्वयंपाकघरात बसवत नाही, आणि त्यांना भाजी निवडायला, मुलांशी बोलायला तिथेच बसायचं असतं. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, थोडा कार्बन मोनॉक्साइड पण, आणि दमेकऱ्याला नायट्रोजन डायऑक्साइड चांगला नाही हे त्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. फेब्रुवारीत त्या सकाळी माझ्याबरोबर बसायला लागल्या. फोडणीचा ठसका तोच राहतो बरं का, मिरची जळली की इंडक्शनवर पण खोकला येणारच, त्याला एक्झॉस्ट फॅनच पाहिजे. पण दूध, चहा, कुकर, बटाटे उकडणं, उसळ शिजणं ही जी लांबणारी कामं आहेत ती ज्योतीशिवाय झाली की खोली खरंच वेगळी वाटते. आणि एप्रिल-मे मध्ये वरचा पंखा फुल ठेवून स्वयंपाक करता येतो, ज्योत विझायची भीती नाही, हे चाळीस डिग्रीत ओट्यासमोर उभं राहणाऱ्या बाईलाच कळेल. म्हणून आम्ही ठरवलं की सकाळचा चहा-दूध आणि दोन्ही वेळचा कुकर इंडक्शनवर, बाकी गॅसवर. महिन्याला ३० ते ३५ युनिट, साधारण साडेचारशे रुपये, त्यातले दोनशे गॅसचे परत येतात. वरचे अडीचशे आईंच्या श्वासाचे, आणि ते मी आनंदाने भरते.

आता वापरायला कशी आहे ते. पटकन तापते यात वादच नाही. एक लिटर पाणी मीटरवर ०.१० ते ०.११ युनिटमध्ये उकळलं. दूध उतू जाऊन पसरलं तरी ओल्या फडक्याने पुसलं की झालं, बर्नरची भोकं टाचणीने साफ करत बसायला लागत नाही. टायमर लावून मी अंघोळीला जाऊ शकते, उसळ शिजली की आपोआप बंद.

न आवडलेलं पण आहे आणि ते कमी नाही. पहिलं भांडी. आमचा कुकर ॲल्युमिनियमचा, कढया ॲल्युमिनियमच्या, तांब्याच्या बुडाचं पातेलं, यातलं काहीच चालेना. नवीन स्टीलचा इंडक्शन बेसवाला कुकर आणि एक पातेलं मिळून २२०० रुपये गेले, म्हणजे शेगडीएवढेच परत. दुकानात जाताना फ्रिजवरचं चुंबक पर्समध्ये टाकून न्या, बुडाला घट्ट चिकटलं तरच भांडं घ्या, लेबलवर विश्वास ठेवू नका. बूड सपाट पाहिजे, गोल बुडाची कढई चुंबकाला चिकटली तरी तिच्यावर नीट तापत नाही.

दुसरं मंद आच. या स्वस्त शेगड्यांमध्ये खरी मंद आच नसतेच, कमी वॅटवर ठेवली की ती काही सेकंद पूर्ण जोरात चालते आणि काही सेकंद बंद होते, आवाजावरून कळतं. त्यामुळे बासुंदी, खीर, पुरण घोटणं, रवा भाजणं या कामांना उपयोगाची नाही, मध्येच बुडाला लागतं. पुरण मी एकदा लावून बघितलं, होळीच्या दिवशी, परत नाही करणार. भाकरी लोखंडी सपाट तव्यावर भाजली जाते पण ती आचेवर टाकून फुगवायची मजा नाही, आणि आमच्याकडे न फुगलेली भाकरी आई खात नाहीत. वांगं, पापड, टोमॅटो भाजणं तर विषयच नाही. इन्फ्रारेड शेगडी येते तिच्यावर कुठलंही भांडं चालतं पण ती काच तापवून मग भांडं तापवते, युनिट जास्त खाते, वरच्या हिशोबात आणखी तोटा.

तिसरं, साध्या ५ अँपियरच्या प्लगमध्ये लावू नका. २००० वॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपियर, मोठा १६ चा पॉइंट पाहिजे आणि वायरिंग जाड पाहिजे. शेजारच्या वहिनींनी मिक्सरच्या पॉइंटवर ॲडाप्टर लावून चालवली, आठ दिवसांत बोर्ड काळा पडला. आणि आत पंखा असतो, त्याच्या जाळीतून झुरळं आत जातात, गरम जागा त्यांना आवडते, मग सर्किट शॉर्ट होतं. मामेबहिणीची पहिली शेगडी अशीच गेली, बोर्ड बदलायला ९०० सांगितले, तिने नवीनच घेतली. रात्री ओट्यावरून उचलून उभी करून ठेवा. गॅसची शेगडी आमची एकोणीस वर्षांची आहे, दोनदा कॉक बदलला बस, हा पण पर्यावरणाचाच हिशोब आहे, दर तीन वर्षांनी एक प्लास्टिकची डबी कचऱ्यात जाणार असेल तर तो पण धरायला पाहिजे.

लाइट गेली तर काय, हे सांगायला नको, सिलिंडर घरात असायलाच लागतो.

गीझरचं पण थोडं लिहिते कारण बरेच जण विचारतात. एका बादलीला, २० लिटर पाणी २२ वरून ४० डिग्रीला आणायला, ०.४२ युनिट एवढी उष्णता लागते. त्या वर्षीच्या दुसऱ्या स्लॅबने साडेपाच रुपये व्हायचे. गॅस गीझरवर तेच अडीच रुपयांत व्हायचं. पण गॅस गीझर बाथरूमच्या आत लावून दार-खिडकी बंद करून अंघोळ करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, चक्कर आलेली कळते तोवर उशीर होतो, दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. लावायचाच तर बाहेर, गॅलरीत, हवेशीर. तीन रुपयांसाठी हा धोका मी घेणार नाही. आणि गच्चीवर सोलर बंब बसवता येत असेल तर वीज आणि गॅस दोन्हीपेक्षा तो कितीतरी चांगला, आमचा अकरा वर्षं चाललाय, पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर वर्षभर कडकडीत पाणी, ना कोळसा ना सिलिंडर.

आणि सूर्य आला की इंडक्शनचा पण सगळा हिशोब उलटा होतो. माझा भाऊ दिंडोरीजवळ राहतो, त्याने पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८ हजार अनुदान जमा झालं. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे त्याचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. घरात लागतात दोनशे. उरलेले नेट मीटरिंगने, म्हणजे महावितरणला दिलेले युनिट बिलातून वजा होतात त्या पद्धतीने, पुढे जमा होत राहतात पण ३१ मार्चला वर्ष संपलं की शिल्लक युनिटांचा मिळणारा भाव फारच कमी असतो. त्याला मी सांगितलं, अरे ते दीडशे युनिट असेच देऊन टाकण्यापेक्षा वहिनीला इंडक्शन घेऊन दे, तुझे १४.२ किलोचे सिलिंडर वर्षाला नऊ-दहा लागतात ते तीन-चारवर येतील. वापरायची तर दिवसा वापरा, दहा-अकराला पॅनलवर ऊन आलं की कुकर लावा, म्हणजे तुमच्याच छताची वीज तुमच्याच पातेल्यात, कोळसा मध्ये येतच नाही. तिकडे मी जे ५० किलो म्हणाले ते जवळजवळ शून्यावर येतं आणि खर्च पण.

वहिनीने घेतली परवा. चुंबक मीच नेलं होतं दुकानात, पाच पातेली बघितली, दोन चिकटली.